खालून गंजलेला पत्रा

मी एक जुना नालीदार पत्रा आहे, आणि कोणी माझ्यावर बोटानं टकटक केलं की मला आधी शंकाच येते. मित्रांनो, वऱ्हाडात मला टिन म्हणतात. आत पोलाद, वरून जस्ताचा थर. नऊ वर्षांपूर्वी अंजनगाव सुर्जीच्या खुशालरावांच्या दुकानातून मी तानुबाईच्या मळ्यात आलो आणि इतर टिनांसोबत तिच्या घराची मागची भिंत झालो.

"काय चमकून राहिली भिंत, माय!" तिचा मुलगा मनोज तेव्हा म्हणाला होता. खरंच बोलतोय की उगाच, ही शंका आलीच. पण बरं वाटलं. पुढे माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही.

यंदा माझ्या पायाशी बोट जाईल एवढी भोकं पडली. सून रूपाली तीन महिन्यांचं बाळ घेऊन आठ दिवसांत माहेराहून यायची होती, आणि पाळणा त्याच खोलीत बांधायचा होता. भोकातून विंचू आत आला तर?

"खुशालभाऊनं हलका माल गळ्यात मारला मले!" तानुबाई कडाडली. मला उचकटून तिनं ऑटोवर बांधलं आणि दुकानासमोर नेऊन आदळलं. सोबत आपला भाजीचा लटकता काटा घेतला. जन्मभर बाजारात वांगी विकलेली बाई ती, दुसऱ्याच्या काट्यावर तिचा काडीचा भरवसा नाही.

खुशालरावांनी सारख्या लांबीची दोन नवी टिनं काढली, एक चकचकीत आणि एक मळकट. तानुबाईनं दोन्ही आपल्या काट्याला लटकवली. मनोज बिचारा घामाघूम झाला. चकचकीत हलकं भरलं.

"ते पातळ हाय मावशी, आडोशापुरतं. घराच्या भिंतीले हे जाड न्या," खुशालराव म्हणाले.

तानुबाईचे डोळे बारीक झाले. "एवढं खरं काहून सांगून राहिला तू? मंग हे जुनं काहून सडलं?"

खुशालराव माझ्याजवळ उकिडवे बसले. "हे बी जाडच हाय. गुडघ्याच्या वर जस्त जसंच्या तसं हाय, पाहा. आतून भिंतीले काय टेकवता तुमी?"

"खताची पोती," मनोज हळूच म्हणाला.

"झालं तर! खताले ओल सुटते. तेच खाते टिनाले."

"मीच लावली ती पोती," तानुबाई म्हणाली. "बाहेर ठेवली तर शेजारची जमुना नेईन, असं वाटे मले."

जाड टिनांची भिंत दोन दिवसांत उभी राहिली. पण पोती कुठं ठेवायची? तानुबाई पाय ओढत जमुनाच्या दारात गेली. तिचा कोठा कोरडा होता. मला तोवर दुकानातून परत आणून दोघींच्या मधल्या कुंपणाला टेकवलं होतं, त्यामुळे मी सारं ऐकलं.

"ठेव नं बाई," जमुना म्हणाली. "विचारून काय राहिली? नऊ वर्षांपासून अर्धा कोठा रिकामाच हाय."

तानुबाईनं पदरानं तोंड पुसलं.

मित्रांनो, टिन घेताना जरूर संशय घ्या. चमकेला भुलू नका, वजन करा, जाडी पाहा. पण घरी नेल्यावर आमच्या अंगाशी खत, मीठ, ओला कचरा लावू नका. आम्हाला तोंड नाही. कोण खातंय ते आम्हाला पहिल्या दिवसापासून कळतं, तुम्हाला मात्र भोक पडल्यावर.