मधल्या ओळीतलं रिकामं घर

विद्युल्लताने चौथ्यांदा लॅपटॉप बंद केला. मॉनिटरच्या वायरीचं टोक उपसून त्यावर फुंकर मारली, पुन्हा मागच्या खाचेत दाबून बसवलं आणि कळ दाबली. लॅपटॉप घुरघुरत जागा झाला. स्टुलावरचा सतरा इंची मॉनिटर मात्र काळाच.

"दिवा लागला का?" पलंगावरून रहमतुल्ला यांनी विचारलं.

"लागलाय चाचा, पण नारिंगी. हिरवा व्हायला पाहिजे."

"मंजे जागा हाय, पण दिसत काय न्हाय त्याला. माझाच भाऊ निघाला."

विद्युल्लता हसली. त्यांची लेक आबिदा हसली नाही. ती दाराच्या चौकटीला टेकून त्या काळ्या काचेकडे बघत होती.

शुक्रवार होता. मागच्या गल्लीतले कापडाचे लूम बंद, म्हणून वीज पूर्ण दाबाने येत होती आणि सगळ्या वस्तीवर एक मऊ, अनोळखी शांतता पसरली होती. आठवडाभर खडखडणाऱ्या भिंती आज झोपल्यासारख्या उभ्या होत्या. खिडकीतून आलेल्या उन्हात कापसाचे तंतू तरंगत होते. खाली येत, येत, पुन्हा वर जात. धामणकर नाक्यावरच्या आपल्या कॉम्प्युटर क्लासला पाचपर्यंत सुट्टी देऊन विद्युल्लता आली होती. मॉनिटरही क्लासातलाच, बुधवारी तिने तो रिक्षातून, मांडीवर लेकरासारखा धरून, इथे आणून ठेवला होता.

"क्लासात ठणठणीत चालत होता गं," ती म्हणाली. "तुझ्या लॅपटॉपचीच खाच बिघडलेली दिसते. टोक पुरतं आत जातच नाही."

"जब्बारने कुवेतहून पाठवला तेव्हा म्हणाला होता, सगळं चालू आहे."

"भाऊ म्हणणारच. जुना माल आहे, बाई."

आबिदाला लॅपटॉपवर स्वतःपुरतं दिसत होतं. लूममालकांसाठी साडीच्या किनारींची नक्षी काढून देणं हे तिचं काम. आधी ग्राफच्या कागदावर, आता या यंत्रावर. पण अब्बांना त्या फिकट पडद्यावर नुसतं धुकं दिसे. डॉक्टर म्हणाले होते, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत यायची नाही, उरलेली किती दिवस टिकेल ते सांगता येणार नाही. उरलेली म्हणजे फुंकणीतून बघावं तेवढी. मोठ्या, लखलखीत पडद्यावर एकेक चौकोन वाटाण्याएवढा केला तर कदाचित दिसेल, असं विद्युल्लताच म्हणाली होती.

पन्नास वर्षं रहमतुल्लांनी ओवणी केली. नवा भीम, म्हणजे सुताचा रूळ, लागला की त्यावरचा एकेक तागा, उभा धागा, फणीच्या एकेका घरातून ओढून घ्यायचा. हजारो तागे, हजारो घरं, आणि एकही चुकलं तर कापडाला उभी रेघ. आबिदाची नक्षी पहिल्यांदा त्यांच्याकडेच जायची. "ही काय कोयरी? हे तर सुजलेलं वांगं!" असं म्हणून ते कागद परत फेकायचे. ती चिडायची, खोडायची, पुन्हा काढायची.

गेलं वर्षभर मात्र ते प्रत्येक कागदाला "सुंदर" म्हणत होते. पावसाळ्यात एकदा घाईत तिच्या हातून त्यांच्याकडे कोरा ग्राफ गेला. त्यांनी तो मांडीवर ठेवला, तळव्याने सावकाश कुरवाळला आणि म्हणाले, "सुंदर."

तिने कागद उचलून घेतला होता. पण तेव्हापासून तो शब्द तिला सोसत नव्हता. नजर आहे तोवर त्यांच्याकडून एक खरा शब्द तिला हवा होता.

चित्र मॉनिटरवर पाठवायला विद्युल्लताने लॅपटॉपच्या कोपऱ्यातली निळी कळ दाबून धरली आणि वरची एफ पाच टिचकावली. एकदा, दोनदा, तीनदा. लॅपटॉपचा पडदा विझला, उजळला, विझला. मॉनिटर आपला गप्प.

पलंगावर रहमतुल्ला हलक्या आवाजात काहीतरी गुणगुणत होते. आबिदाच्या अम्मीची, खदीजाची ओवी होती ती. सुताच्या कांड्या भरताना ती म्हणायची.

तुटला बाई तागा, ओविते फिरून
बापाच्या नजरंची ज्योत लेकीच्या हातून

"चाचा, सूर छान लागलाय," विद्युल्लता म्हणाली, "आता याला पण लावा जरा."

"माझ्याकडून झालं तेवढं केलंय मी, मास्तरीणबाई."

विद्युल्लताचा हात थांबला. "काय केलंय?"

"काय न्हाय. तुमचं चालू द्या."

तिने वायरीचं टोक पुन्हा उपसलं. या वेळी ते उन्हात नेलं, डोळ्यांजवळ धरलं. पत्र्याच्या चौकटीत तीन ओळींत बारीक पिना उभ्या होत्या. वर पाच, खाली पाच. मधल्या ओळीतही पाच.

ती पुन्हा मोजू लागली. क्लास उघडला त्या वर्षी मधल्या ओळीत चारच पिना बघून ती स्वतः घाबरली होती. कुणीतरी मोडली म्हणून दुकानदाराशी भांडून आली होती. नंतर कळलं होतं की ती जागा मुळातच मोकळी असते.

"आबिदा, हे बघ. चौथी."

ती पिन बाकीच्यांएवढीच उंच, तेवढीच सरळ होती. फक्त तिचा रंग जरा काळसर. सुईचं टोक होतं ते. पकडीने बेतून कापलेलं, बुडाशी लाखेचा एवढासा ठिपका.

"अब्बा?"

रहमतुल्ला पलंगावर सरसावून बसले. मग म्हणाले, "परवा तू बाजारात गेली व्हतीस. मी हात फिरवून बघितलं. पाच, चार, पाच. मधल्या ओळीत एक घर रिकामं. म्हटलं, आता पोरगी एवढी आशा लावून बसलीय, आणि हितं तागाच न्हाय. भरून टाकला."

"चाचा, ते घर रिकामंच असतं. लॅपटॉपला तिथे भोकच नाहीये, म्हणून आत जाईना."

"बनवणाऱ्यानंच सोडलं?"

"हो."

"आणि त्याला कोन बोललं न्हाय?"

विद्युल्लता खो-खो हसली. हसता हसता पुन्हा त्या सुईकडे बघू लागली आणि हळूच आबिदाला म्हणाली, "तासभर हातात होती गं माझ्या. मला दिसली नाही. आणि यांनी अंधारात बसवली."

आबिदाने चिमटा आणला. सुई सहज निघेना. लाख खरवडावी लागली. मग विद्युल्लताने टोक खाचेवर ठेवलं, आणि ते या वेळी आपसूक आत सरकलं. दोन्ही बाजूंचे स्क्रू बोटांनी फिरले. निळी कळ, एफ पाच.

दिवा हिरवा झाला. काच आतून हलकेच तडतडली आणि तिच्या तळातून, पहाटेचं तळं उजळावं तशी, नक्षी वर आली. मोरपिशी जमिनीवर पिवळी कोयरी, तिच्या मानेला वेल, वेलीला कळ्या.

आबिदाने अब्बांचा हात धरून त्यांना स्टुलासमोर आणलं. ते इतके जवळ बसले की नाक काचेला लागेल. तिने नक्षी मोठी केली, आणखी मोठी केली. एकेक चौकोन वाटाण्याएवढा झाला. उजेड त्यांच्या पांढऱ्या दाढीत मोरपिशी होऊन उतरला.

"डावीकडनं घे," ते म्हणाले. "हळू."

ती नक्षी सरकवत राहिली. त्यांचं बोट काचेवर टेकून एकेका चौकोनावरून चाललं होतं, ओठ मोजत होते. बाहेर सायकलवरून बर्फाचा गोळेवाला घंटी वाजवत गेला. पाच वाजत आले तरी विद्युल्लता उठली नाही. आबिदा अब्बांच्या ओठांकडे बघत होती. आता तो शब्द येईल, नेहमीचा, मऊ, आंधळा; तिने मान खाली घातली.

"थांब."

तिचा हात थांबला.

"मागं घे. आणखी. हां. हितं." बोट कोयरीच्या मानेपाशी अडलं होतं. "हा पिवळा धागा मधी न अडकता किती ताग्यांवरून गेलाय?"

तिने तेवढे चौकोन मोजले. "अकरा."

"अकरा! आणि साडी कोन नेसणार, भिंत? बाईमाणूस नेसणार. हातात बांगड्या असणार. पहिल्याच दिवशी अडकून वेल बाहेर लोंबंल. चारच्या वर जायचं न्हाय, किती येळा सांगितलंय? मशीन आलं म्हनून अक्कल गहाण टाकलीस?"

"चाचा, अहो, इतकी छान काढलीय तिने," विद्युल्लता घाईघाईने म्हणाली.

"तुमी मधी पडू नका, मास्तरीणबाई. ही वेल पुसायची. मुळापासून."

"सगळी?" आबिदाने विचारलं.

"सगळी. चार दिसाचं काम वाढलं. आता रडतीस कशाला?"

"नाही रडत." तिने ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं, स्वतःचा पाट ओढून त्यांच्या गुडघ्याशी बसली आणि नक्षी पुढे सरकवली. "अजून काय काय चुकलंय, अब्बा?"