खिशातला प्लग

मंगळवार, सकाळचे सव्वानऊ. स्थळ : एका सहा मजली इमारतीचा चौथा मजला, लिफ्टच्या दाराला लागून असलेले दोन खोल्यांचे घर, त्यातली पुढची खोली, खिडकीखालचे टेबल. टेबलावर एक जुना लॅपटॉप होता, एक माइक होता, एक नोंदवही होती आणि एक पाटी होती. अकरा वाजता त्या लॅपटॉपसमोर बसून बाई पंधरा दिवसांत पहिल्यांदा तोंडातून शब्द काढणार होत्या. म्हणजे असे की, त्यांनी यापुढे बोलावे की नाही, हे त्या वेळी ठरणार होते.

बाईंना सगळे बाई म्हणत, कारण पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवण्यात त्यांची छत्तीस वर्षे गेली होती. त्यांच्या नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणत, कारण तेवढीच वर्षे त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवली होती. साठ-साठ मुलांच्या वर्गात आवाज चढवून चढवून बाईंच्या स्वरतंतूंवर गाठी आल्या. डॉक्टरांनी त्या काढल्या आणि बजावले : चौदा दिवस मौन. कुजबूजसुद्धा नाही, कुजबुजताना घशाला उलट जास्तच ताण पडतो. पंधराव्या दिवशी थेरपिस्ट आवाज ऐकेल आणि ती सांगेल तसे करायचे.

थेरपिस्ट राहत होती दूरच्या शहरात. ती लॅपटॉपवरून ऐकणार होती, आणि त्यासाठी माइक तिनेच पाठवला होता. तीन दिवसांपूर्वी तिने नुसती चाचणी घेतली. मिस्त्रींनी एक ते वीस आकडे खणखणीत म्हटले. पलीकडे त्यांतले अकराच पोचले. घरातले वाय-फाय दोन भिंतींआडून धापा टाकत टेबलापर्यंत येत असे.

"काका, आवाज असा फाटून आला तर तो घशामुळे फाटला की इंटरनेटमुळे, हे मला कळणार कसं?" थेरपिस्ट म्हणाली होती. "लॅपटॉपला वायर लावा. नाहीच जमलं, तर माझी पुढची मोकळी वेळ बारा दिवसांनी आहे. तोपर्यंत काकूंचं मौन चालूच ठेवावं लागेल."

बारा दिवस! हा आकडा मिस्त्रींच्या छातीत जाऊन बसला होता. ज्याला सकाळचा चहासुद्धा एखाद्या वादाशिवाय पचत नसे, अशा माणसाने चौदा दिवस तोंड दाबून काढले होते. बाई पाटीवर लिहून वाद घालीत, नाही असे नाही. पण त्यांनी पाटी पुसून नवा मुद्दा लिहीपर्यंत मिस्त्रींचा आवेश थंड होऊन जाई. शिवाय पाटीची मोठी पंचाईत अशी की ती पुसली जाते. बोललेले वाक्य कानात राहते. पुसलेले कुठे राहणार? म्हणून मिस्त्रींनी एक गुपचूप व्यवस्था केली होती. त्यांच्या नोंदवहीत पुढच्या बाजूने दुरुस्तीच्या नोंदी असत : वेळ, काय पाहिले, काय केले. त्याच वहीत मागच्या बाजूने, वही उलटी धरून, ते बाईंची पाटीवरची वाक्ये उतरवून ठेवीत, तीही वेळेसकट. बाईंना हे ठाऊक नाही, असा त्यांचा समज होता.

वायर त्यांनी झकास टाकली होती. मधल्या बोळातल्या राउटरपासून भिंतीच्या कडेकडेने, दर वीतभर अंतरावर क्लिप मारून, टेबलापर्यंत. ती लॅपटॉपच्या पोर्टमध्ये खट्‌कन बसलीही. पण लॅपटॉपने तिची दखलच घेतली नाही.

"बाबा, घाबरू नका," फोनच्या स्पीकरवरून लेक म्हणाली. ती परगावी एका मोठ्या कंपनीतले सर्व्हर सांभाळत असे, आणि तिनेच आपला जुना लॅपटॉप लिनक्स घालून आईवडिलांना दिला होता. "ती काळी खिडकी उघडा आणि मी काल सांगितलं ते टाइप करा. यंत्राच्या पोटात काय काय आहे त्याची यादी येईल."

"घाबरतंय कोण? थांब. आधी माझं काम मला रीतीने करू दे."

मिस्त्रींची रीत ठरलेली होती. त्यांनी भिंतीवरचे बटण बंद केले, चार्जरचा प्लग उपसला आणि शर्टाच्या खिशात घातला. मग लॅपटॉप वळवून टॉर्चच्या उजेडात पोर्ट पाहिला, त्याच्या आतल्या पितळी तारा मोजल्या, वायर काढून पुन्हा बसवली. खिशातून निघालेली काळी वायर टेबलावरून लॅपटॉपपर्यंत गेली होती. जणू तो लॅपटॉप मिस्त्रींच्या काळजावरच चालला होता.

ही रीत उगाच पडलेली नव्हती. लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्यापूर्वी फ्यूज काढायचा आणि तो दुसरीकडे कुठेही न ठेवता स्वतःच्या खिशात ठेवायचा. काम संपून हत्यारे मोजून झाल्याशिवाय तो बाहेर काढायचा नाही. मिस्त्रींच्या जोडीदाराने एकदाच फ्यूज पेटीवर ठेवला. कुणा शहाण्याने तो पडलेला दिसला म्हणून जागेवर बसवला, आणि जोडीदाराची दोन बोटे गेली. त्या संध्याकाळी मिस्त्री घरी आले तेव्हा बाईंनी दारातच त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन बोटे मोजली आणि म्हणाल्या, "दहा." त्यानंतर हे रोजचेच झाले. आधी भीतीपोटी, मग थट्टेने, मग केवळ सवयीने. दार उघडायचे, हात धरायचे, "दहा" म्हणायचे आणि वाटेतून बाजूला व्हायचे. निवृत्तीनंतरही मिस्त्री भाजी घेऊन आले तरी बाई पिशवीआधी बोटे बघत. गेले चौदा दिवस मात्र त्या नुसतेच हात धरत होत्या.

"सतरा ओळी आल्या," मिस्त्री म्हणाले.

"वाचा."

त्यांनी एकेक ओळ खणखणीत वाचून दाखवली.

"वायरच्या पोर्टचं नावच नाही त्यात," लेक म्हणाली. तिचा आवाज जरा उतरला. "नाव असतं आणि पोर्ट चालत नसता, तर ड्रायव्हरचा, म्हणजे तो चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा, दोष म्हटलं असतं. पण यंत्राला हा अवयव आहे हेच माहीत नाही. बाबा, चार्जर लॅपटॉपला लावलेला आहे ना?"

मिस्त्रींनी लॅपटॉपच्या बाजूला खोचलेली बारीक पिन पाहिली. "लावलेला आहे."

जेवढे विचारले तेवढ्याचेच उत्तर द्यावे, ही त्यांची आणखी एक रीत.

त्यांनी नोंद केली, बॅटरी उतरू नये म्हणून प्लग पुन्हा भिंतीत खोचला आणि राउटर तपासायला बोळात गेले. तिथे सगळे ठीक होते. परत येऊन त्यांनी प्लग उपसून खिशात घातला, खुर्चीत बसले, तोच बाईंनी पाटी पुढे केली.

*दिवा लागला होता.*

"कसला दिवा?"

बाईंनी पोर्टशेजारच्या ठिपक्याएवढ्या दिव्याकडे बोट दाखवले. मिस्त्रींनी वाकून पाहिले. दिवा विझलेला होता.

"हा? कुठे लागलाय? ऊन पडलं असेल त्याच्यावर."

बाईंनी मान हलवली. मिस्त्रींनी पुन्हा यादी काढली. सतरा ओळी. पुन्हा प्लग लावून ते आतल्या खोलीत दुसरी वायर शोधायला गेले, ती घेऊन आले, प्लग खिशात घातला, वायर बदलली. सतरा ओळी. बाईंनी पाटी पुसली आणि ठळक अक्षरांत लिहिले.

*तुम्ही आलात की दिवा जातो.*

"लेकीसमोर टोमणे नकोत," मिस्त्री म्हणाले.

"काय लिहिलंय आईने?" फोनमधून प्रश्न आला.

"मी घरातला उजेड घालवतो म्हणे."

"चूक काय आहे त्यात?" लेक हसली. "लहानपणी मी टीव्ही लावला की यायचात तुम्ही फ्यूज काढायला."

बाईंनी कपाळाला हात लावला. मिस्त्रींनी पडलेल्या चेहऱ्याने का होईना, वही उलटी धरून ते वाक्यही वेळेसकट उतरवले. टोमणा झाला तरी तो बाईंचा होता. मग त्यांनी लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू केला आणि तो जागा होतानाच लेकीने सांगितलेले बटण दाबून सेटिंगचे निळे पान उघडले.

"त्यात नेटवर्क पोर्ट म्हणून ओळ असेल. तिच्यापुढे काय आहे?"

"चालू."

"एवढंच बघायचं होतं. बाहेर या."

खाली आणखी पाच-सहा ओळी होत्या, पण त्या कुणी विचारल्या नव्हत्या. पुन्हा यादी, पुन्हा सतरा. साडेदहा वाजून गेले. बाहेर लिफ्ट चौथ्या मजल्यावर येऊन थांबली, तिचे दार किंचित अडखळून उघडले, आणि एरवी त्या अडखळण्यावर दोन वाक्ये बोलणाऱ्या मिस्त्रींना आज ते ऐकूही आले नाही.

"बाबा," लेक हळूच म्हणाली, "पोर्टच गेला असेल. इतक्या जुन्या यंत्रात होतं असं. दुकानात त्याला जोडायचा तुकडा मिळतो, पण..."

"दुकान अकराला उघडतं."

"हो."

मिस्त्रींनी पेन उचलले आणि वहीत लिहिले : *१०.३६. पोर्ट निकामी.* छत्तीस वर्षांत असे वाक्य त्यांनी फार थोड्या वेळा लिहिले होते, आणि त्या प्रत्येक वेळी निकामी वस्तू दुसऱ्या कुणाची तरी होती. त्यांना बाईंकडे बघवेना.

बाईंनी ओल्या फडक्याने पाटी स्वच्छ पुसली, ती वाळेपर्यंत थांबल्या आणि मग सावकाश, पहिलीच्या मुलांना कित्ता घालून द्यावा तशा वळणदार अक्षरांत लिहिले.

*बारा दिवस तर बारा दिवस. तुम्ही बोला, मी ऐकते.*

मिस्त्रींनी ते दोनदा वाचले. मग चोरून नव्हे, बाईंच्या डोळ्यांदेखत वही उलटी केली आणि ते उतरवू लागले. बाईंना नवल वाटलेले दिसले नाही. त्यांनी नुसते बोट पुढे करून ओळीत सुटलेली एक वेलांटी दाखवली, आणि मिस्त्रींना कळले की हे गुपित कधीच गुपित नव्हते.

वेलांटी देताना त्यांची नजर वरच्या ओळीवर गेली. *१०.०९. तुम्ही आलात की दिवा जातो.* त्याच्या वर : *९.४८. दिवा लागला होता.*

नोंद जशी लिहिलेली असते तशी वाचायची. तीत आपले मन घालायचे नाही. नव्या मेकॅनिकांना हे सांगता सांगता मिस्त्रींचे केस पांढरे झाले होते. बाईंनी टोमणा मारलाच नव्हता. बाईंनी नोंद केली होती.

त्यांनी वही भर्रकन सुलटी केली. *९.४७. वीज तोडली, प्लग खिशात.* आणि खाली : *१०.०८. वीज तोडली, प्लग खिशात.*

मिस्त्रींनी खिशावर हात ठेवला.

"पोरी," ते फोनला म्हणाले, "या लॅपटॉपला विजेपासून तोडलं, तर पोर्टचं काय होतं?"

"तोडलं म्हणजे? तुम्हीच म्हणालात ना, चार्जर लावलाय?"

"लॅपटॉपला लावलाय. भिंतीला नाही. भिंतीकडचं टोक माझ्या खिशात आहे."

"बाबा! खिशात? कशाला?"

"हात घालायच्या आधी वीज तोडायची नाही, तर काय नंतर तोडायची?"

"अहो, ती लिफ्ट आहे का? अरे देवा... माझंच चुकलं. बॅटरी पुरावी म्हणून मीच ते सेटिंग लावलं होतं. वीज काढली की हा लॅपटॉप वायरच्या पोर्टला पार झोपवतो. मी विसरलेच. त्या निळ्या पानावर खालच्या ओळीत असेल बघा."

"विचारली नाहीस ती ओळ."

"तुम्ही सांगितली नाहीत!"

"वाद नंतर," मिस्त्री म्हणाले. आणि हे दोन शब्द त्यांच्या तोंडून या घरात बहुधा पहिल्यांदाच बाहेर पडले. त्यांनी खिशातून प्लग काढला, पण भिंतीकडे न जाता तो बाईंच्या हातात दिला. "तू लाव. शोध तुझा आहे."

बाईंनी प्लग खोचला आणि बटण दाबले. मग पोर्टशेजारी हिरवा ठिपका उमटला, एकदा लुकलुकला आणि स्थिर झाला. मिस्त्रींनी यादी काढली आणि ओळींवरून बोट फिरवत मोजली.

"अठरा."

"आई!" लेक ओरडली. "आई, तू बोलू नकोस हं, मी तुझ्या वाटचं ओरडते!"

बाईंनी पाटीवर लिहिले : *मी दोनदा सांगितलं.* मिस्त्रींनी ते वाचले आणि आयुष्यात प्रथमच प्रतिवाद केला नाही. त्यांनी वहीतली *पोर्ट निकामी* ही ओळ खोडली आणि तिच्यापुढे लिहिले : *नोंद चुकीची. दोष तपासनीसाचा.*

अकराला पाच कमी असताना थेरपिस्टचा चेहरा पडद्यावर आला. आज त्याचे तुकडे होत नव्हते. "वा, काका! कसं काय जमवलंत?"

"हिने जमवलं," मिस्त्री म्हणाले आणि खुर्ची सरकवून बाजूला, पडद्यात दिसणार नाहीत असे बसले. दोन्ही तळवे त्यांनी टेबलाच्या कडेवर पालथे टेकले होते.

थेरपिस्टने आधी बाईंना नुसता श्वास घ्यायला लावला. मग एक लांब "आ". तो पहिल्यांदा निघालाच नाही. हवा तेवढी आली. दुसऱ्यांदा आला तो तुटका. मिस्त्रींनी डोळे मिटले. तिसऱ्यांदा आवाज लागला आणि टिकला : पूर्वीपेक्षा खालच्या पट्टीतला, किंचित खरखरीत, नव्या फळ्यावर पहिल्यांदा खडू ओढावा तसा.

"छान. घाई नाही. आता एकपासून सावकाश मोजा. ताण वाटला की थांबा."

"एक," बाई म्हणाल्या. "दोन. तीन."

मोजता मोजता त्यांची नजर पडद्यावरून ढळली आणि टेबलाच्या कडेवरच्या पालथ्या तळव्यांवर आली. मग त्या आकडे म्हणत नव्हत्या. एकेका बोटावर थांबत, उजव्या करंगळीपासून डाव्या करंगळीपर्यंत, खरोखरच मोजत होत्या. आठवर आवाज जरा फाटला. त्या थांबल्या, श्वास घेतला.

"नऊ," त्या म्हणाल्या. आणि मग, रोज दारात म्हणत तशाच स्वरात, "दहा."

मिस्त्रींनी खिडकीकडे तोंड फिरवले. फोनमधून लेकीने नाक ओढल्याचा आवाज आला.

थेरपिस्टने समोरच्या कागदावर काहीतरी लिहिले आणि मान वर केली.

"आवाज एकसंध आहे. जखम भरून आलीय," ती म्हणाली. "आजपासून दिवसाला दहा मिनिटं बोलायचं."