सांध्यावरचे कोपरे

महिपती मानसिंगला पाण्यात पाहायचा, आणि मानसिंगही काही कमी नव्हता. दोघे साडू, माढ्याच्या एकाच घरातल्या दोघी बहिणी त्यांच्या बायका. मानसिंगनं महिपतीला सोलापुरात राजेसाबच्या फौंड्रीत नकाशे काढायला चिकटवलं आणि तेव्हापासून 'याला मी लावला' हे एकच तुणतुणं वाजवलं. बारसं असो की लग्नाची पंगत, त्याला सुट्टी नाही. एका खोलीत बसूनही दोघांत बोलणं कधीचंच बंद झालं होतं. महिपतीला आता एकच हवं होतं, नकाशाखात्यातली मानसिंगची हेडची खुर्ची.

आणीबाणी उठली त्या साली संधी आली, पण वाईट वाटेनं. एका साखर कारखान्यात या फौंड्रीनं ओतलेला वाफेचा व्हॉल्व्ह सांध्यावर तडकला आणि भीमा नावाच्या फिटरचा चेहरा भाजला. नवा ओतण्याआधी त्याची जाडी पुण्याच्या कॉम्प्युटरवर तपासून घ्यायची, असं राजेसाबनं ठरवलं. त्या यंत्राला मात्र गोल पोटाचा व्हॉल्व्ह कळत नव्हता, त्याला विटांसारखे तुकडे लागत. म्हणून अख्खा व्हॉल्व्ह कागदावर वाकड्यातिकड्या विटांत कापायचा, प्रत्येक कोपऱ्याला नंबर द्यायचा आणि त्याची जागा आकड्यांत लिहायची. शेजारशेजारच्या विटांचे कोपरे एकमेकांवर बसलेच पाहिजेत. नाहीतर यंत्र समजतं, तिथं धातू जोडलेलाच नाही.

"पोट महिपतीनं कापायचं, नळी मानसिंगनं," राजेसाब म्हणाला. "नळी पोटात शिरते तिथली, सांध्याची वाकडी रेघ आधी दोघं बसून ठरवा. मग पुढं जावा."

दोघांनी माना हलवल्या आणि एकमेकांकडे पाठ करून बसले. आधी तोंड कोण उघडणार? महिपतीनं त्या रेघेचे परस्पर बारा भाग केले. गोल पोट विटांत कापायचं म्हणजे जिकिरीचं काम, कुठंतरी विटेची पाचर होतेच. त्यानं ते असं सुरेख जमवलं की स्वतःवरच खूश झाला.

कागद पुण्याला जायच्या आदल्या दिवशी तो जेवून आला, तर त्याच्या टेबलावर मानसिंगचा कागद पडलेला. नळीचे भाग आठच. म्हणजे सांध्यावर जेमतेम चार कोपरे जुळणार, बाकी सगळं उघडं. महिपतीला मनातल्या मनात गुदगुल्या झाल्या. सही हेडची, म्हणजे मानसिंगची. बोंब त्याच्याच नावानं होणार. त्यानं तो कागद मानसिंगच्या टेबलावर टाकला आणि चहा प्यायला गेला.

पुण्याहून उत्तर आलं तसं राजेसाबनं दोघांना बोलावलं.

"पुण्याचे साहेब हसले मला. म्हणाले, तुमची नळी चार टाचण्यांवर लटकलीय. बसून ठरवा म्हणलो होतो की मी. महिपती, तुला ठाऊक होतं?"

"न्हाय मालक. सही त्यांची हाय."

"खोटं बोलतोय," मानसिंग म्हणाला. महिपतीनं त्याचा आवाज इतका गोड कधी ऐकला नव्हता. "माझा कागद मीच त्याच्या टेबलावर ठेवला होता. सांगतोय का गिळतोय, ते बघायचं होतं. गिळला."

महिपतीचं डोकं भडकलं. एवढ्या मोठ्या सापळ्यात आपण चहाच्या खुशीत चालत गेलो, याचीच त्याला जास्त चीड आली. पण राजेसाब मानसिंगकडे बघत होता.

"म्हंजे तुलाबी ठाऊक होतं. तरी सही केलीस."

मानसिंगचं हसू विरलं.

"परत काढा," राजेसाब थंडपणे म्हणाला. "आणि कारखान्यात पहिली वाफ सोडतील त्या दिवशी तुमी दोघं त्या सांध्याशी उभं ऱ्हायचं. भीमा उभा होता तितंच. जमत नसंल तर आत्ताच घरी जावा."

घरी कुणीच गेलं नाही. थोड्या वेळानं मानसिंगनं खुर्ची ओढत महिपतीच्या टेबलापाशी आणली.

"बारा ठेव," तो गुरगुरला. "आठात विटा लई लांबट होतात."

"ठाऊक हाय मला."

मानसिंग एकेक आकडा वाचू लागला. महिपतीला त्या आवाजाचा तेवढाच तिटकारा होता, तसूभरही कमी नाही. पण आता मानसिंगचा एक आकडा चुकला तर तोंड महिपतीचं भाजणार होतं, म्हणून तो शब्द न् शब्द कान देऊन ऐकत होता.