वळणापुढचा चढ

“मास्तर, ह्याच्या बाह्या कुठायत?”

कॅशियरसाहेबांनी शर्ट दोन्ही हातांनी धरून उजेडात वर केला होता. कॉलर ताठ बसली होती, खिसा रेघेला रेघ जुळवून लावलेला, काजं-बटणं चोख. खांद्यांपाशी मात्र दोन मोठी भोकं होती आणि त्यातून समोरचा रस्ता दिसत होता.

“राहिल्यात. शनिवारी या,” मास्तर मशीनवरून मान न उचलता म्हणाले.

“गेल्या शनिवारी पण हेच म्हणालात. आणि हे सगळे काय?” साहेबांनी मागच्या दांडीकडे बोट केलं. “एक, दोन... अकरा. अकराही बिनबाह्यांचे! नवीन फॅशन काढलीत की काय?”

“त्यांना काही विचारू नका साहेब,” पायरीवर बसलेला शेजारचा सलूनवाला म्हणाला. “शर्यत झाल्यापासून असंच चाललंय. ऊन लागलंय डोक्याला.”

“ऊन कुणाला नाही लागलं?” साहेबांनी दाराजवळचं लाकडी स्टूल पुढे ओढलं.

“त्याच्यावर नको,” मास्तर एकदम म्हणाले. “बाकावर बसा.”

साहेब बिचकले, पण बाकावर बसले. बसता बसता गुडघ्यांना हात लावून कण्हले. शहरातली ती बेचाळीस किलोमीटरची शर्यत ते दरवर्षी धावत. यंदाची होऊन वीस दिवस झाले होते, तरी त्यांच्या पायांची नखं काळीच होती आणि धावायचे बूट त्यांनी माळ्यावर टाकले होते.

“तिसाव्या किलोमीटरनंतर पेले होते, पाणी नव्हतं,” साहेब सांगू लागले. “एक माणूस दिव्याच्या खांबाला मिठी मारून उभा होता. मी त्याला काय झालं म्हणून विचारलं पण नाही. विचारलं असतं तर मी पण तिथंच बसलो असतो. रात्री झोपताना तो खांब दिसतो हो मला. माणूस नाही दिसत, खांबच दिसतो.”

“मी तर धावणाऱ्यांना जोर यावा म्हणून सकाळपासून पातेलं बडवत होतो,” सलूनवाला म्हणाला. “हात भरून आले. दुसऱ्या दिवशी एकाची दाढी करताना हात थरथरला, तो खुर्चीतून उठूनच गेला.”

“आणि वर आमच्या मास्तरांचा तो शेवटचा चढ!” साहेब हसले. सलूनवाला मात्र हसला नाही. त्यानं हळूच मास्तरांकडे पाहिलं.

“तो एक जण गेला ना...” तो म्हणाला, “तिथंच गेला. पाण्याच्या टाकीच्या पलीकडे.”

मशीन थांबलं. साहेबांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. मग त्यांनी बिनबाह्यांच्या शर्टाची घडी घातली, ती परत मोडली, शर्ट दांडीला अडकवला आणि “शनिवारी येतो,” असं म्हणून ते लंगडत निघून गेले.

एकोणचाळीस वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाला बाही लावता येईना, हे कुणाला सांगून पटलं नसतं. मास्तरांना स्वतःलाच पटत नव्हतं. पाठ कापावी, पुढा कापावा, कॉलर बसवावी, हे सगळं हात आपणहून करत. कात्री मुंढ्याशी, बाही जोडायच्या गोलाईशी आली की हात थांबायचा. पहिल्या आठवड्यात त्यांनी मन घट्ट करून एक बाही कापली, ती दोन इंच आखूड झाली. चांगल्या कापडाची माती झाली. तेव्हापासून त्यांनी बाह्यांचा नाद सोडला आणि शर्ट तसेच टांगायला सुरुवात केली.

दुकान चढाच्या मध्यावर होतं. दारात उभं राहिलं की रस्ता वर पाण्याच्या टाकीपर्यंत दिसे आणि तिथं वळून नाहीसा होई. पाहणाऱ्याला वाटावं, संपला चढ. खरं म्हणजे वळणापुढे दुसरा चढ होता, पहिल्याहून लांब, आणि सावली म्हणाल तर नावाला नाही. दहा वर्षांपूर्वी शर्यत पहिल्यांदा ह्या रस्त्यानं आली, तेव्हा धावून धावून पार गळून गेलेली माणसं पाहून मास्तरांना राहवलं नाही. ते दारात येऊन ओरडले, “हा शेवटचा चढ! पुढं उतारच उतार!” माणसांच्या चेहऱ्यावर जीव आला. पुढच्या वर्षी सलूनवाला तेच ओरडला, त्याच्या पुढच्या वर्षी सगळा कोपरा. आठवड्याभरानं धावणारे दुकानात येऊन भांडत. “मास्तर, तुमच्या जिभेला काही हाड?” मास्तर म्हणत, “पोचलात ना पण?” मग पाणी, गप्पा आणि एखाद्या नव्या शर्टाचं माप. हे असं दहा वर्षं चाललं, आणि त्यात कुणाचं काही बिघडलं नाही.

यंदा दहा वाजताच डांबर मऊ झालं होतं. चाळिशीचा एक माणूस रस्ता सोडून दुकानाच्या दारात आला आणि दोन्ही हात स्टुलावर टेकून वाकून उभा राहिला. अंगात पूर्ण बाह्यांचा राखाडी शर्ट, घामानं हातांना चिकटलेला.

“काका, कात्री आहे ना? ह्या बाह्या कापून टाका.”

“अहो, चांगला शर्ट आहे. वाया जाईल.”

“जाऊ दे. भाजतोय मी.”

मास्तरांनी त्याला स्टुलावर बसवलं आणि मोठ्या कात्रीनं दोन्ही बाह्या शिवणीला धरून उतरवल्या. घाई होती, तरी एक सूत इकडचं तिकडे झालं नाही. हाताला सवयच तशी. माणसानं उघडे दंड झटकले, डोळे मिटले. “आता वारा लागतोय. बरं वाटलं.” तो पाणी प्यायला, उठला, रस्त्यावर दोन पावलं गेला आणि परत फिरला.

“काका, खरं सांगा. वळणापुढं अजून चढ आहे का?”

अकरा वर्षांत परत फिरून विचारणारा तो पहिलाच. सलूनवाला पातेलं बडवत होता, सगळा कोपरा ओरडत होता. मास्तर नेहमीच्याच खणखणीत आवाजात म्हणाले, “नाही हो! हा शेवटचा. पुढं उतारच उतार!”

माणसानं मान हलवली. जाताना मागं न बघता एक हात वर केला. वीस मिनिटांनी भोंगा वाजवत रुग्णवाहिका वर गेली.

डॉक्टर म्हणाले ऊन आणि हृदय. शर्यतवाल्यांनी दुःखाचं पत्रक काढलं. शिंप्याला कुणी काही विचारलं नाही, विचारायचं कारणही नव्हतं. बाह्या मास्तरांनी खडूच्या खणात सारून ठेवल्या. पण दिवसभरात गिऱ्हाईक यायचं आणि सहज म्हणायचं, “मास्तर, खरं सांगा, कधी मिळेल?” आणि मास्तर हातातलं काम खाली ठेवायचे. घरात नळाखाली बादली भरताना तेच ऐकू यायचं. मशीनचं पायडल मारलं की तेच. ‘खरं सांगा, खरं सांगा, खरं सांगा.’

त्यांची बायको दुकानावरच्या खोलीत बसून काजं करायची. खडू शोधताना तिला बाह्या सापडल्या.

“ह्या कुणाच्या?”

“गिऱ्हाइकाच्या.”

“मग लावून टाका की.”

मास्तर मशीनकडे वळले. बायकोनं सुईत दोरा ओवायला चष्मा शोधला, पण नवऱ्याचा चेहरा वाचायला तिला चष्मा लागत नसे. तिनं बाह्या घडी करून होत्या तिथं ठेवल्या आणि त्या दिवसापासून विचारणं सोडलं.

कॅशियरसाहेब गेले त्याच दुपारी एक बाई दारात येऊन उभी राहिली. हातात कागदी पिशवी. तिनं दांडीवरचे शर्ट पाहिले आणि पाहतच राहिली.

“माप द्यायचंय?” मास्तरांनी विचारलं.

“नाही. एक दाखवायचं होतं.” तिनं पिशवीतून राखाडी शर्ट काढून टेबलावर पसरला. “खालच्या चौकापासून प्रत्येक शिंप्याला दाखवत आलेय. हे दुकान पाचवं.”

मास्तरांनी शर्टाला हात लावला नाही.

“माझे मिस्टर शर्यतीत धावत होते,” ती म्हणाली. “दवाखान्यातून कपडे दिले त्यात हा असा. मला वाटलं, तिथंच कापला असेल. पण ते लोक असं कापत नाहीत हो. ते मधून फाडतात. हे बघा, शिवणीला धरून कापलंय. एक धागा बाहेर नाही. हे काम शिंप्याचंच.”

“माझंच,” मास्तर म्हणाले.

बाईनं टेबलाची कड धरली. सलूनवाला पायरीवरून उठला आणि आपल्या दुकानात गेला. मास्तरांनी स्टूल पुढे केलं. ती बसली.

“हा शर्ट मीच घालायला लावला होता,” ती खाली बघत म्हणाली. “तो नको म्हणत होता. म्हटलं, हात भाजतील, पूर्ण बाह्यांचाच घाल. तीन आठवडे झाले, मी डोळे मिटले की मला त्या बाह्या दिसतात. त्याला किती गरम झालं असेल. मी घातलं त्याला त्या शर्टात.” ‘मिस्टर’ जाऊन ‘तो’ झाला होता हे तिच्या ध्यानात आलं नव्हतं. “तो आला होता ना इथं? काय म्हणाला?”

“इथंच बसला होता. बाह्या कापल्यावर हात झटकले. म्हणाला, आता वारा लागतोय, बरं वाटलं.”

“बरं वाटलं म्हणाला?”

“हो. अगदी असंच.”

ती रडू लागली. मास्तर उगाच टेप गुंडाळत उभे राहिले. बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले, आणि तिचा चेहरा आल्यापासून पहिल्यांदा सैल झाला.

“तुमचे फार उपकार झाले, काका. शेवटी कुणीतरी त्याला बरं वाटेल असं केलं. एवढंच मला हवं होतं. येते मी.”

इथं गप्प बसायचं होतं. बाई समाधानानं घरी गेली असती, मास्तरांनी खण बंद केला असता, झालं गेलं संपलं असतं. पण ते ‘उपकार’ मास्तरांना सोसवेनात.

“ताई, थांबा. अजून आहे.”

आणि त्यांनी सगळं सांगितलं. दोन पावलं जाऊन परत फिरला ते, ‘खरं सांगा’ म्हणाला ते, आणि आपण काय उत्तर दिलं तेही. सांगताना आवाज बारीक झाला, पण त्यांनी एक शब्द गाळला नाही. “चढ आहे म्हटलं असतं, तर बसला असता तो. ह्याच स्टुलावर बसला असता. मी उठवून पाठवला त्याला.”

बाई ऐकत होती. रस्त्यावरून एक टेम्पो घरघरत वर गेला, त्याचा आवाज वळणापुढे विरला.

“त्याला माहीत होतं,” ती मग म्हणाली. जरा भरभर म्हणाली, शर्टाची घडी घालत, मास्तरांकडे न बघता. “आदल्या रविवारी आम्ही दोघं स्कूटरवरून सगळा रस्ता बघून गेलो होतो. दुसरा चढ पण पाहिला. तो उगाच विचारायचा. कुणीतरी नाही म्हणावं म्हणून.”

मास्तरांनी हातातला टेप खाली ठेवला. अकरा वर्षं त्यांनी दारात उभं राहून माणसांना धीर दिला होता. धीर देताना आवाज कसा लागतो ते त्यांना चांगलं ठाऊक होतं.

“ताई, खरं सांगा.”

घडी घातलेला शर्ट तिनं त्यांच्यापुढे सरकवला.

“बाह्या आहेत का अजून?”

मास्तरांनी खण उघडून दोन्ही बाह्या काढल्या. बाईनं त्या हातात घेतल्या, एकदा गालाला लावल्या आणि शर्टावर ठेवल्या.

“लावून द्या.”

“शिवण दिसेल, ताई. पहिल्यासारखा नाही होणार.”

“दिसू दे.” ती उठली. “तो चढ... मला तिथवर जायचंय. कुठून वळू?”

“टाकीपाशी. थांबा, मी येतो.”

मास्तरांनी भर दुपारी दुकानाचं दार ओढून घेतलं. वरच्या खिडकीतून बायको बघत होती, तिच्याकडे त्यांनी एकदा मान वर करून पाहिलं. स्टूल बगलेत मारलं आणि ते बाईच्या मागे दोन पावलं ठेवून चालू लागले. सलूनवाला अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक सोडून दारात आला. ह्या चढावर आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणाला बघून ओरडला नाही.

दोघं टाकीपाशी पोचली. वळण घेतलं आणि समोर दुसरा चढ उघडा पडला. सरळ, रुंद, दोन्ही बाजूंना लांबच लांब भिंती, वर कुठंतरी उन्हात रस्ता हलत असलेला.

बाई जागच्या जागी उभी राहिली.

“बाई गं,” ती म्हणाली. “एवढा?”

ह्या रस्त्यानं ती कधीच आलेली नव्हती, स्कूटरवरून नाही आणि पायीही नाही, हे मास्तरांना कळलं. तिलाही कळलं की त्यांना कळलं आहे. तिनं पदर खोचला नाही, डोळे पुसले नाहीत, नुसती चालू लागली. थोडं वर गेल्यावर तिला धाप लागली. मास्तरांनी स्टूल भिंतीच्या कडेला ठेवलं. ती बसली, आणि वर बघत तिनं विचारलं,

“अजून किती आहे, काका?”

मास्तरांनी कपाळावर हात आडवा धरून वर पाहिलं. नीट, पूर्ण वरपर्यंत पाहिलं.

“बरंच आहे,” ते म्हणाले.