भीमाबाईच्या वाट्याचं पाणी

मित्रांनो, तेरहून ढोकीला जाताना एसटीखाली जो रस्ता येतो, त्याच्या पोटातली थोडी खडी माझी आहे. मी एक जुना हातोडा आहे. लोहारानं बैलगाडीच्या मोडक्या आसापासून माझं डोकं घडवलं, बाभळीचा दांडा बसवला, आणि बाहत्तरच्या दुष्काळात सरकारी खडी केंद्रावर दगड फोडायला मी भीमाबाईच्या हाती आलो.

तिची तान्ही लेक अयोध्या शेजारीच पाटीत निजायची, वर लुगड्याची सावली. भीमाबाई घावाच्या तालावर गुणगुणायची,

दगडा रं दादा, तुझ्या पोटात काय,
माझ्या तान्हीजोगा एक थेंब हाय?

माझ्या जिवाला मात्र घोर लागलेला. हातोड्याचा दांडा अधूनमधून भिजवावा लागतो. लाकूड फुगतं, डोकं घट्ट बसतं. पण टँकर येई तेव्हा माणशी एक तांब्या मिळे. मला कोण पाजणार? दांडा वाळत गेला. प्रत्येक घावाला मी आतून हलायचो आणि पाटीकडं बघायचो.

एके सकाळी जीपमधून साहेब आले. "काय खड्डे हो! इथवर यायला फार कष्ट पडले," म्हणाले. मग बायांकडं वळून, "तुमच्या कष्टांचं कौतुक करावं तेवढं थोडं."

"सायबाचं अंग दुखत आसंल, शेक द्या गं कुनीतरी," शेजारी खडी फोडणारी गजराबाई पदराआड पुटपुटली. बाया हसल्या. जीप गेली.

त्याच दुपारी मी सुटलो. दांडा भीमाबाईच्या हातात राहिला अन् मी उडालो. मला थांबता येत नव्हतं, मित्रांनो! पाटीपासून वीतभर अंतरावर मी जमिनीत रुतलो. अयोध्या झोपेत फक्त दचकली.

भीमाबाईनं मला उचललं, दांडा ठोकून बसवला, पाचर मारली, चिंधी गुंडाळली आणि आपल्या वाट्याचं पाणी त्या चिंधीवर हळूहळू ओतलं.

"आगं ये येडे! लोखंडाला पाजतीस, अन् तू काय पिशील?" गजराबाई ओरडली.

"म्या कळ काढीन एक दिस. ह्यो फिरून उडला तर?"

गजराबाईनं पाटीकडं पाहिलं. म्हणाली, "सायेब म्हनला त्ये कष्ट, ह्येच का गं?"

"दगड फोडायची सवय झालीया, अक्का. पर तांब्याकडं बघून ठरवायचं, आज कुनी तान्हेलं ऱ्हायाचं... त्येला काय म्हनत्यात, मला न्हाय ठावं."

गजराबाईनं आपला तांब्या पुढं सरकवला. "आधी दोन घोट घे. मग बोल."

आता मी भीमाबाईच्या दाराशी पडून असतो. परवा, आता वयानं वाढलेली अयोध्या शेळीचा खुंटा ठोकायला मला घेऊन निघाली. शेजारची पोरं भोवती खेळत होती. माझा दांडा पुन्हा वाळलेला! मी घाबरलो. पण तिनं मला आधी कानाशी धरून हलवलं, खुळखुळ ऐकली आणि बादलीत बुडवलं. आईचं बघून शिकली असेल.

मित्रांनो, कुणाच्या कष्टांचं कौतुक जरूर करा. पण त्याआधी त्याच्या हातातला दांडा एकदा हलवून बघा. आणि तुमच्या तांब्यात पाणी असेल, तर पुढं सरकवा.