संपवलेला नंबर

पॅकिंगच्या हॉलमध्ये तिला सगळे नंबरताई म्हणत. खरं नाव चांगलं होतं तिचं, पण ते आता फक्त पगाराच्या चिठ्ठीवर उरलं होतं. औषधाच्या प्रत्येक खोक्यावर ठिपक्या-ठिपक्यांची एक चौकोनी खूण छापली जाई, आणि त्या खुणेत त्या एकाच खोक्याचा नंबर असे. बनावट औषधांचा सुळसुळाट झाल्यावर तसा कायदाच झाला होता. छपाई पुसट आली, कोपरा चेपला, तर ते खोकं फाडायचं आणि त्याचा नंबर यंत्रात ‘नष्ट’ म्हणून नोंदवायचा. लाइनवर याला नंबर संपवणं म्हणत. एकदा संपवलेला नंबर परत जिवंत करता येत नाही. यंत्रात तशी सोयच ठेवलेली नाही आणि ते बरोबरच आहे. नाहीतर कचऱ्यातली खोकी उचलून त्यांत खडूच्या गोळ्या भरणारे काय कमी आहेत?

तर असा एक संपवलेला नंबर नंबरताईच्या मागे लागला होता.

लाइनवरून तिला वरच्या मजल्यावरच्या तपास-खोलीत बसवून वर्ष होत आलं होतं. बाहेर कुठेही, दुकानात किंवा कुणाच्या घरी, एखादं खोकं मोबाइलने तपासलं आणि नंबरात गडबड निघाली, की इथल्या पडद्यावर लाल ओळ येई. ती रोज नऊला येऊन पडदा उघडायची. गेले सोळा दिवस पहिली ओळ तीच असायची. शेवटचे चार आकडे ४४७१. स्थिती, नष्ट. तपासल्याची वेळ, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. पाच नाही, पंधरा नाही, दहाच.

सात-दहाला ती स्वतःच्या स्वयंपाकघरात उभी असायची, आईची सकाळची गोळी स्ट्रिपमधून काढत. अलीकडे गोळीचा कागद फाटल्याचा आवाज झाला, की तिला त्यामागून यंत्राचा बीप ऐकू यायचा. एकदा तिने चक्क मागे वळून पाहिलं.

‘‘कोण आलंय?’’ आईने विचारलं.

‘‘कुणी नाही.’’

‘‘मग अशी काय बघतेस भूत पाहिल्यासारखी? दे ती गोळी इकडे. तुझ्या भरवशावर राहिले तर माझं कल्याणच आहे.’’

आईच्या जिभेला पहिल्यापासूनच हाड नव्हतं. पण त्या दिवशी ते वाक्य नंबरताईला नको तिथे लागलं.

कारण ४४७१ कुणी संपवला, हे जगात तिला एकटीलाच ठाऊक होतं. आणि ते खोकं तिने कधी पाहिलंच नव्हतं, हेही.

मागच्या वर्षीची गोष्ट. ती तेव्हा लाइनवर होती आणि तिच्या जोडीला काकू होत्या. नष्ट करायच्या प्रत्येक खोक्याला दोन माणसांच्या सह्या लागत. एकीने फाडायचं, दुसरीने पाहायचं. काकू पाहणाऱ्या. बाई साधी होती, पण या एका बाबतीत तिच्यापुढे साहेबांचीही डाळ शिजत नसे. ‘‘खोकं दाखव,’’ म्हणायच्या. तळहातावर खोकं ठेवल्याशिवाय पेन उघडायच्या नाहीत. पोरी त्यांची नक्कल करत. कुणी डबा उघडला की, ‘‘भाजी दाखव, मग सही.’’ काकूही हसायच्या आणि पुन्हा हात पुढे करायच्या.

त्या दिवशी दुपारी पट्टा अडकला. खोकी एकमेकांवर चढली, नंबरताईने ती दोन्ही हातांनी बाजूला काढली आणि पट्टा सुरू झाल्यावर पुन्हा भरली. पाळी संपताना मेळ घालायला बसली तर एक नंबर जास्त. छापलेला होता, पण ना पेटीत दिसत होता, ना कचऱ्यात. मेळ बसल्याशिवाय बॅच बंद होत नाही आणि बॅच बंद झाल्याशिवाय कुणी घरी जात नाही. तिने पट्ट्याखाली पाहिलं, कचऱ्याची पेटी उपडी केली, गुडघ्यांवर रांगून पाहिलं. खोकं नाही ते नाहीच. बस बाहेर हॉर्न वाजवत होती आणि लाइनवरच्या सगळ्याजणी तिच्याकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघत होत्या.

मग तिने छपाईच्या यादीतून नंबर पाहिला आणि हाताने टाइप केला. नष्ट.

काकू छातीत कळ येते म्हणून दोनलाच घरी गेल्या होत्या. त्यांची दोन अक्षरांची छोटी सही तिने वहीत स्वतःच केली. उद्या त्यांना सांगू, म्हणाली. काकू परत कामावर आल्याच नाहीत. चौथ्या दिवशी गेल्या. त्यांच्या हातून झालेली म्हणून वहीत जी शेवटची सही आहे, ती त्यांची नाहीच.

खोकं कुठे गेलं असेल याचा विचार तिने नंतर सोडून दिला. गेलं असेल फटीत कुठेतरी. माणूस स्वतःला काय वाटेल ते पटवून देऊ शकतो आणि नंबरताईही त्यातलीच.

म्हणून सोळा दिवसांपूर्वी ४४७१ पहिल्यांदा पडद्यावर उगवला, तेव्हा तिची पाचावर धारण बसली. तो पट्ट्याखाली नव्हताच. अडकलेली खोकी भरताना तो तिच्याच हाताने एका पेटीत कोंबला गेला होता, चाळिसांत एक्केचाळिसावा. म्हणजे खोकं खरं, आतल्या गोळ्या खऱ्या, फक्त नंबर मेलेला. हृदयाचे ठोके ताळ्यावर ठेवणारी गोळी होती ती. आतल्या कागदावर पहिल्याच ओळीत छापलेलं असतं, की ती एकाएकी बंद करू नये.

ओळीखाली औषधाच्या दुकानदाराचा निरोप होता. गिऱ्हाइकाने घरी तपासलं तर बनावट दाखवतंय. याच बॅचची सगळी खोकी बाजूला ठेवली आहेत. गिऱ्हाइकाला दुसरी गोळी इथे आठवडाभर तरी मिळायची नाही. काय सांगू, लवकर कळवा.

खरं लिहायचं तर एकच वाक्य पुरे होतं. औषध खरं आहे, द्या. पण मग नष्ट कुणी केलं, कसं केलं, सही कुणाची, हे सगळं उकरलं गेलं असतं. नोकरी गेली असती, आणि काकूंचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं असतं ते वेगळंच. काकूंचं नाव सांभाळायचं म्हणून गप्प बसतेय, असं तिने स्वतःला सांगितलं. खोटं होतं ते. तिला स्वतःची कातडी वाचवायची होती. तिने उत्तर लिहिलं, ‘वाचनदोष असावा. पुन्हा तपासून पाहावे.’ आणि ओळ बंद केली. दुकानदार काय तो दुसरीकडून गोळी आणेल, असं म्हणून तिने चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी ओळ पुन्हा आली. सात-दहा. तिने बंद केली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. कुणीतरी रोज गोळीच्या वेळेला खोकं हातात घेत होतं, मोबाइल धरत होतं, लाल रंग बघत होतं आणि खोकं खाली ठेवत होतं. दुकानदाराचा मात्र त्यानंतर निरोप नव्हता. ती जेवताना, जिन्यात, बसच्या रांगेत त्या माणसाचा विचार करायची. बाई असेल की बुवा? गोळी घेत असेल का? डोळा लागला की काकू तळहात पुढे करून उभ्या. रागावलेल्या नाहीत, काही नाही. नेहमीसारख्याच. ‘‘खोकं दाखव.’’

सतराव्या दिवशी साहेब स्वतः तिच्या टेबलाशी आले.

‘‘हे काय चाललंय, नंबरताई? एकच नंबर सतरा वेळा? आणि तुम्ही आपल्या वाचनदोष, वाचनदोष करत बसलाय.’’

‘‘बघते साहेब.’’

‘‘बघते नाही, जा. दुकानदाराकडून पत्ता घ्या, खोकं ताब्यात घ्या आणि घेऊन या. बनावट असलं तर पोलिसांत द्यावं लागेल.’’

ती निघाली तेव्हा तिच्या मनात, खरं सांगायचं तर, थोडी आशाच होती. त्या माणसाला सांगून टाकू, की गोळी खरी आहे, घ्या बिनधास्त. बाकीचं जे व्हायचं ते होईल. सगळ्या रस्ताभर ती ते वाक्य मनात घोकत होती.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. दुकानदाराने सांगितलं होतं, की ते घड्याळजी आहेत, चाळीस वर्षं चौकात दुकान होतं. भिंतीवर एकच घड्याळ होतं, आणि ते अगदी बरोबर होतं. खिडकीपाशी दोन खुर्च्या. एकीवर उशी होती, तिला माणूस बसून पडलेला खळगा अजून तसाच होता. दोन्हींच्या मधल्या स्टुलावर ते खोकं.

तिने कुठेही ओळखलं असतं. तिच्या लाइनचं खोकं. पट्ट्यात अडकताना झाकणाला पडलेली तिरकी घडीसुद्धा होती.

‘‘कंपनीतून आलात ना? बसा,’’ घड्याळजी म्हणाले. ‘‘त्या खुर्चीवर नको. इकडे बसा.’’

‘‘काका, ही गोळी कोण घेतं?’’

‘‘आमची ही घ्यायची.’’

ती उशीकडे बघत राहिली. घोकलेलं वाक्य आता सांगायचं कुणाला?

‘‘अकरा दिवस झाले,’’ ते म्हणाले. ‘‘ती म्हणत होती, दिसतेय तर नेहमीसारखीच, घेऊन टाकते. मीच हात धरला. म्हटलं, लाल दाखवतंय, आत काय भरलंय देव जाणे. दुकानदार म्हणाला, कंपनीला विचारलंय, उत्तर येऊ दे. आणि आलं की उत्तर. वाचनदोष असावा, पुन्हा तपासून पाहा. म्हणून पुन्हा तपासलं. तिची वेळ सात-दहाची. रोज सात-दहाला तपासायचो. सहाव्या दिवशी तपासलं, लाल आलं, तिला सांगायला वळलो तर...’’

भिंतीवरचं घड्याळ तेवढं चालू होतं.

‘‘मग आता कशाला तपासता, काका?’’ तिने विचारलं.

‘‘भीती वाटते म्हणून,’’ घड्याळजी म्हणाले. ‘‘एखाद्या दिवशी हिरवं आलं तर? लाल आहे तोवर मी केलं ते बरोबर केलं. ती माझ्या हातून गेली नाही. रोज लाल आलं, की तेवढा दिवस निघतो.’’ मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ‘‘तुम्ही त्यातल्या जाणकार. तुम्हीच सांगा. खोटंच होतं ना ते?’’

हो म्हणणं किती सोपं होतं. एक शब्द. म्हाताऱ्याला झोप लागली असती, तिची नोकरी राहिली असती, काकूंच्या सहीला कुणी बोट लावलं नसतं. शब्द तिच्या जिभेवर आलासुद्धा. पण मग तो शब्द म्हणजे पुन्हा तेच झालं असतं, न पाहिलेल्या खोक्याला ‘नष्ट’ म्हणणं. आणि आता तर खोकं समोर होतं.

‘‘खरं होतं,’’ ती म्हणाली.

घड्याळजींना ते कळलंच नाही. त्यांनी मोबाइल घेतला, खोक्यावर धरला. बीप झाला. त्यांनी पडदा तिच्यापुढे केला. लाल चौकोन, खाली ठळक अक्षरांत, हे औषध घेऊ नये.

‘‘हे बघा. हा तर नाही म्हणतोय.’’

‘‘मी त्याला जे सांगितलं तेच तो सांगतोय, काका.’’ आणि मग तिने सगळं सांगितलं. पट्टा, बस, टाइप केलेला नंबर, काकूंची सही. दुकानदाराला गेलेलं ते उत्तरही आपलंच, हेही. ‘‘तुमची काही चूक नाही. लाल बघून कुणीही हेच केलं असतं. चूक माझी आहे.’’

ते ओरडतील, हाकलून देतील, असं तिला वाटलं होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते बराच वेळ खोक्याची ती तिरकी घडी अंगठ्याने सपाट करत बसले.

‘‘म्हणजे पहिल्याच दिवशी तुम्हाला कुणी विचारलं असतं,’’ ते सावकाश म्हणाले, ‘‘तर तुम्ही सांगू शकला असता.’’

‘‘हो.’’

‘‘विचारलं होतं की आम्ही.’’

त्यांनी तिचा हात सरळ केला आणि तळहातावर खोकं ठेवलं. ‘‘घेऊन जा. ज्यांना दाखवायचं त्यांना दाखवा,’’ म्हणाले, आणि दार उघडून उभे राहिले.

साहेबांच्या खोलीत जाण्याआधी ती खाली हॉलमध्ये गेली. जुनी वही कपाटातच होती. तिने ते पान काढलं, ‘नष्ट’वर आणि काकूंच्या नावाने केलेल्या सहीवर काट मारली, खालच्या ओळीत खरं काय ते लिहिलं आणि पुढे आपली सही केली. त्या ओळीतला शेजारचा, पाहणाऱ्याच्या सहीचा रकाना रिकामाच होता. तिने खोकं त्या रकान्यावर ठेवलं आणि तळहात टेबलावर पालथा टाकून उभी राहिली. लाइनवर नवी बॅच चालू होती, खोकी एकामागून एक बीप करत पुढे जात होती, आणि तिच्याकडे कुणी पाहत नव्हतं.