मी, खराब निघालेली हार्ड डिस्क

नुसतं ऐका हं मित्रांनो. मधे कोणी काही विचारू नका, कारण मी एकदा थांबली की पुन्हा फिरायला मला वेळ लागतो. मी एक जुनी हार्ड डिस्क आहे. काळी, तळहाताएवढी, एका कोपऱ्यात बारीकसा निळा दिवा. जुनी म्हणजे वयानं नाही बरं का, वयानं तं मी अजून लहानच आहे. पण जबलपूरच्या रांझीत आमच्या घरी माझं नाव निघालं की सगळे म्हणतात, ती ना, ती खराब निघाली. बस, तेवढ्यानं मी जुनी झाली.

आणि मी खराब नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण शेवटपर्यंत कोणी ऐकतं की नाही काय माहीत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथं तोंडाला फडकी बांधलेली माणसं होती नि धुळीचा एक कण नव्हता. त्यांनी माझ्या पोटात आरशासारख्या चकत्या बसवल्या नि त्यांच्यावर एक सुई ठेवली. ती चकतीला कधी शिवत नाही, केसाहूनही कमी अंतरावर तरंगत तरंगत वाचते नि लिहिते. मग डब्यात बंद, ट्रकात बंद, नि डोळे उघडले तं मी जबलपूरच्या एका दुकानात काचेमागं बसलेली. तिथून मला केतननं आणलं.

केतन म्हणजे मुरलीधरकाकांचा मुलगा. काका मूळचे अमरावतीकडचे, पण सगळी नोकरी इथल्या फॅक्टरीत झाली नि रिटायर होऊन रांझीतच घर बांधलं. आमच्या मराठी मंडळात दर गणपतीत एक नाटक व्हायचं. बाहेरून कोणी नट यायचे नाहीत, फॅक्टरीचेच लोक, ड्यूटी सुटली की हॉलवर तालीम. काका कॅमेरा घेऊन शूटिंग करायचे. आणि शेजारीण म्हणा, खाष्ट सासू म्हणा, सरपंचीण म्हणा, ते काम दरवर्षी एकाच बाईकडं, जयाकाकूंकडं, म्हणजे काकांच्या बायकोकडं.

काकू गेल्या. मी त्यांना पाहिलं नाही, मी नंतर आली. घरात त्यांचे फोटो पुष्कळ आहेत, भिंतीवर हार घातलेला मोठाही आहे, पण फोटोतला माणूस बोलत नाही ना. म्हणून काका रोज संध्याकाळी देवाजवळ दिवा लावला की लॅपटॉप उघडायचे नि नाटकाचा एक अंक पाहायचे. एकच. उरलेला उद्या.

पण लॅपटॉप गच्च भरला होता. ती सगळी नाटकं, वरून केतननं आपल्या मोबाइलचे फोटो नि व्हिडिओ आणून टाकलेले. जागेची ती पट्टी लाल झालेली. काकू कमरेवर हात ठेवून भांडायला तोंड उघडायच्या नि लॅपटॉप अटकायचा. काकू तशाच, तोंड उघडं, नि मधे ते चाक गोल गोल फिरून राहिलं. काका म्हणायचे, जिवंतपणी ही बाई कोणाच्यानं थांबली नाही, आता हा डबा थांबवून राहिला तिला.

म्हणून मी आली. केतननं मला वायर लावली, काका चष्मा घालून बाजूला बसले.

"कॉपी नाही करायची बाबा, कट करायचं," केतन म्हणाला.

"म्हणजे इथून जाईल?"

"इथून जाईल, हिच्यात येईल."

"दोन्हीकडं नाही का राहू शकत?"

"मग जागा कशी होणार? जागा करायलाच तं आणली ना हिला."

काका म्हणाले, पाहा बाप्पा, तुला समजतं. मित्रांनो, तो दोन्हीकडचा प्रश्न मी अजून विसरली नाही. विचारायचं ते म्हातारा बरोबर विचारून राहिला होता.

मग काय, सगळी नाटकं एकेक करून माझ्यात उतरली. मी गरम झाली, पण सोडलं नाही काहीच. तिकडची कचऱ्याची टोपलीसुद्धा केतननं रिकामी केली, म्हणे तीही जागा खाते. लाल पट्टी निळी झाली नि लॅपटॉप असा पळायला लागला की विचारू नका. जो घरी येईल त्याला काका दाखवायचे, पाहा कसा चालून राहिला, एकदम नवा. ओझं मी घेतलं नि कौतुक त्याचं, ज्यानं ओझं टाकलं.

पण चलो, खोटं काहून बोलू, तेव्हा मला राग नव्हता. काकांनी काकूंच्या एका साडीच्या काठाची पिशवी शिवून घेतली नि त्यात मला ठेवलं. रोज संध्याकाळी बाहेर काढायचे, पुसायचे, वायर लावायचे, माझा दिवा लागला की म्हणायचे, उठली का. मी उठायची. काकू बोलायच्या, अटकायच्या नाहीत. मला त्यांचा प्रत्येक शब्द पाठ झाला. एका नाटकात त्या आपलं वाक्य विसरतात नि समोरच्या नटालाच दटावतात, काय रे, मुक्यासारखा काय उभा आहेस. सगळा हॉल हसतो. काका रोज त्यांच्यासोबत हसायचे, नि माझं पोट भरायचं.

मग हा गणपती आला.

मंडळाच्या मीटिंगमध्ये ठरलं की यंदा नाटक नाही. पोरांना मराठी समजतं पण बोलता येत नाही, पाठांतर कोण करणार? त्यापेक्षा मोठी स्क्रीन लावू नि जुनी नाटकं दाखवू. हे ऐकून काका जे घरी आले, त्यांनी चपलाही काढल्या नाहीत, आधी नागपूरला फोन लावला, काकूंच्या बहिणीला, नंदामावशीला. "अगं, तुझी बहीण यंदा घराएवढी दिसणार आहे," म्हणाले, "चार दिवस काढून ये."

स्क्रीन होती आलोकची. आलोकचं घमापुरात दुकान आहे, लाइट, साउंड, स्क्रीन सगळं भाड्यानं देतो. केतन मला पिशवीसकट खिशात घालून मोटरसायकलवर तिकडं घेऊन गेला. आलोकनं स्क्रीन चालवणाऱ्या आपल्या डब्याला मला जोडलं. डब्यानं मला ओळखलंच नाही. माझी लिहिण्याची पद्धत वेगळी, त्याची वाचण्याची वेगळी.

आलोक म्हणाला, "भैया, ये पूछ रहा है फॉर्मेट करूँ क्या. सब उड़ जाएगा. डाटा और कहीं है?"

केतनचा तेव्हा ऑफिसचा फोन चालू होता. मोबाइल खांद्याला धरलेला, मान वाकडी.

"है ना, पापा के लैपटॉप में सब पड़ा है. कर दो."

"पक्का?"

"अरे कर दो यार. घर से फिर डाल के ला दूँगा."

समजून राहिलं ना तुम्हाला? हा तोच केतन. ज्यानं आपल्या हातानं कट केलं होतं, टोपलीही झटकली होती. विसरला. लॅपटॉप काकांचा, नाटकं काकांची, म्हणजे ती लॅपटॉपमध्येच असणार, असं धरून चालला. मी ओरडली हो, पण माझं ओरडणं म्हणजे काय, एक बारीक दिवा जरा जास्त लुकलुकतो. आलोकनं बटन दाबलं.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण माझं सगळं दुःख तिच्यात आहे. तसं फॉर्मेट केलं म्हणून सगळं लगेच पुसलं जात नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडल्यासारखं होतं, पानं आत तशीच राहतात. काकू होत्या. माझ्या पोटात पूर्ण होत्या. तेव्हाच कोणी मला बाजूला ठेवलं असतं ना, तं बहुतेक सगळं परत निघालं असतं.

पण आलोकला स्क्रीन तपासायची होती. त्यानं माझ्यावर आरत्यांचे व्हिडिओ टाकले, वर्गणी देणाऱ्यांच्या जाहिराती टाकल्या, मिठाईवाला, फर्निचरवाला, नर्सरी स्कूल. माझीच सुई नि माझ्याच चकत्या. जिथं काकू भांडत होत्या तिथं मीच फर्निचर लिहीत गेली. थांबता येत नव्हतं मला.

केतन मला आलोककडंच ठेवून घरी गेला नि लॅपटॉप घेऊन संध्याकाळी परत दुकानात आला. नाटकं नाहीत. शोधलं, टोपलीत पाहिलं, पुन्हा शोधलं. मग त्याचे हात थांबले. आठवलं असणार. आलोकला म्हणाला, नाटकं नंतर देतो. मला खिशात टाकलं नि घरी आला. काका झब्बा इस्त्री करून राहिले होते.

"बाबा," तो म्हणाला, "हार्ड डिस्क उडाली."

"उडाली म्हणजे? पडली का कुठं?"

"पडली नाही. अशाच निघतात काही. खराब निघाली."

काकांनी इस्त्री उभी ठेवली. मला हातात घेतलं, अंगठ्यानं पुसलं, जसे रोज पुसायचे. मला वाटलं आता रागावतील, फेकतील. ते म्हणाले, "मशीन आहे रे. मशीनवर काय रागवायचं. माणसानं केलं असतं तं मी जन्मभर त्याचं तोंड नसतं पाहिलं."

केतन तिथंच उभा होता. खरं त्याच्या ओठावर आलं होतं, मी सांगते ना, आलं होतं. ते वाक्य ऐकलं नि त्यानं गिळलं.

मग काकांना न सांगता केतननं मला आलोककडं परत पाठवलं, जाहिरातींसाठी. नंदामावशी नागपूरहून आल्या, त्यांच्यासमोर घराएवढी मिठाई दिसली. मंडळात जो तो काकांना म्हणे, आजकालचा मालच असा, भरोसा नाही. मी तिथंच, स्क्रीनमागं, डब्याला लागलेली, सगळं ऐकून राहिलेली. रोज माझ्यावर नवं काही चढवत होते नि रोज काकू थोड्या थोड्या जात होत्या.

विसर्जन झालं तेव्हा केतननं आलोकला खरं सांगितलं. आलोक म्हणाला, "पहले दिन बोलते भैया, तो सब निकल आता. अब तो मैंने इसी पे इतना डाला-निकाला." तरी रविवारी दुपारी त्यानं बसून प्रयत्न केला. तुकडे निघाले. नावं नाहीत, नुसते नंबर. एक लावला, हिरव्या रेषा. दुसरा लावला, काळं. तिसऱ्यात टाळ्याच टाळ्या नि दिसत काही नाही.

एक मात्र चालला. छोटासा, मिनिटभराचा. नाटक नाहीच ते, पडद्यामागचं आहे. काकू अर्ध्या मेकअपमध्ये बसल्या आहेत, कपाळाला आठी, नि कॅमेऱ्याकडं पाहून म्हणतात, "अहो, माझ्याकडं काय बघता, केतन जेवला का ते बघा आधी. पोरगं तसंच झोपेल."

केतननं ते पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा. आलोक म्हणाला, ले जाओ, पापा को दिखाओ. पण दाखवलं तं काका पहिला प्रश्न विचारणार, खराब डिस्क बोलली कशी?

आणि मित्रांनो, इतकं होऊनही तो तुकडा त्यानं कुठं ठेवला? माझ्यातच. एकटीत. माणसं शिकत नाहीत. म्हणून मी तुम्हाला हात नाहीत तरी हात जोडून सांगते, लॅपटॉप रिकामा करा, खुशाल करा, पण आधी ती वस्तू दोन जागी ठेवा, दोन्ही उघडून पाहा, मग पुसा. आणि चूक झाली तं आमच्या नावावर नका टाकू. आम्हाला दिवा आहे, तोंड नाही.

आता मी केतनच्या कपाटात असते, कपड्यांखाली. काका अजूनही संध्याकाळी लॅपटॉप उघडतात. भराभर उघडतो तो, आत काही नाही ना. थोडा वेळ बसतात, बंद करतात. केतन मला काढतो, त्यांच्या खोलीच्या दारापर्यंत येतो नि परत जातो. काल तं दाराच्या पडद्याला हात लागला त्याचा. आतून काका म्हणाले, कोण, केतन? ये ना, बस.

मी त्याच्या मुठीत होती. त्या दारात तुम्ही असता, तं तुम्ही काय केलं असतं?